सिम्युलेटरमधली भिंत: काँक्रीट, वीट, काच नीट कशी भरायची

आमच्या फ्लॅटचं पहिलं सिम्युलेशन चालवलं तेव्हा सॉफ्टवेअरने सांगितलं की बेडरूममधल्या टेबलापाशी ५ गिगाहर्ट्झचं वायफाय पोचणारच नाही. मी तो निळाशार नकाशा त्याच टेबलापाशी बसून, त्याच वायफायवर बघत होतो.

चूक सॉफ्टवेअरची नव्हती, मी भरलेल्या भिंतीची होती. रेडिओ लहरींच्या सिम्युलेशनमध्ये अँटेना, राउटर, नकाशा यांवर माणूस दिवस घालवतो आणि भिंतीसाठी यादीतून ‘काँक्रीट’ निवडून पुढे जातो. पण सॉफ्टवेअरला काँक्रीट म्हणजे काय ते माहीत नसतं. त्याला तीन-चार आकडे माहीत असतात. ते आकडे कुठून आणायचे, कसे भरायचे आणि भरल्यावर कसे तपासायचे, ते इथे लिहितो आहे. उदाहरणं घरातल्या वायफायची आहेत, पण ५जी साठीही रीत हीच.

आधी बघा, तुमचं सॉफ्टवेअर भिंतीकडे कसं बघतं

एका प्रकारच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक भिंतीला थेट डेसिबलचा (सिग्नल किती घटतो ते मोजायचं एकक) आकडा असतो. सिग्नल वाटेत जितक्या भिंती ओलांडेल तितके आकडे वजा. कॉस्ट २३१ या युरोपीय संशोधन प्रकल्पाचं मल्टी-वॉल मॉडेल याच घराण्यातलं. त्यात १८०० मेगाहर्ट्झला हलकी भिंत ३.४ डेसिबल, जड भिंत ६.९ आणि स्लॅब १८.३ धरतात. वायफाय सर्व्हेची बरीच साधनं आजही याच पद्धतीने चालतात. वापरायला सोपं, पण १८०० मेगाहर्ट्झचा आकडा ५ गिगाहर्ट्झला चालवला की फसलात.

दुसरा प्रकार रे-ट्रेसिंगचा, म्हणजे लहरीची वाट किरणासारखी आखत जाण्याचा: सिओना आरटी, मॅटलॅबचं रे-ट्रेसिंग, वायरलेस इनसाइट, विनप्रॉप वगैरे. इथे मटेरियलचे विद्युत गुणधर्म द्यायचे आणि परावर्तन किती, आरपार किती, हे सॉफ्टवेअर स्वतः काढतं. पुढचं सगळं मुख्यतः या प्रकाराबद्दल आहे. पहिल्या प्रकारचं साधन वापरत असाल तरी खालचे हिशेब करून निघालेला डेसिबलचा आकडा त्यात भरता येतो.

पायरी पहिली: घरभर फिरून भिंती ठोकून बघा

खरंच ठोका. हे काम लॅपटॉपवर होत नाही. वीटकाम भरीव वाजतं, जिप्समचं पार्टिशन पोकळ वाजतं, आरसीसीवर बोटं दुखतात. ड्रिल मारताना लाल भुकटी पडली तर वीट, पांढुरकी आणि मऊ पडली तर सिपोरेक्स म्हणजे एएसी ब्लॉक, आणि ड्रिलच आत जाईना तर आरसीसी. गेल्या काही वर्षांतल्या टॉवरमध्ये मिवान शटरिंग असेल तर आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्याच ओतलेल्या असतात, वीट औषधालाही नसते.

जाडी दाराच्या किंवा खिडकीच्या चौकटीपाशी टेपने मोजा. बिल्डरच्या प्लॅनवर विसंबू नका, त्यात बऱ्याचदा प्लास्टर धरलेलं नसतं. कुठली भिंत, काय मटेरियल, किती जाडी, दोन्ही बाजूंना काय (प्लास्टर, टाइल, लॅमिनेट), एवढं वहीत लिहा. कपाटाचे आरसे, मच्छरजाळ्या, फ्रिज, लोखंडी सेफ्टी डोअर यांची नोंद वेगळी करा.

पायरी दुसरी: आकडे काढा

आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची) पी.२०४० नावाची शिफारस या कामाचा पाया आहे. सॉफ्टवेअरमध्ये जे ‘आयटीयू काँक्रीट’, ‘आयटीयू ब्रिक’ दिसतं ते तिथूनच आलेलं असतं. तिच्यात प्रत्येक मटेरियलसाठी ए, बी, सी, डी असे चार गुणांक आहेत. सापेक्ष परमिटिव्हिटी (मटेरियलमध्ये लहर किती मंदावते ते ठरवणारा आकडा) म्हणजे ए गुणिले वारंवारतेचा बी-वा घात, आणि वाहकता म्हणजे सी गुणिले वारंवारतेचा डी-वा घात. वारंवारता गिगाहर्ट्झमध्ये, वाहकता सीमेन्स प्रति मीटरमध्ये. भिंतींच्या सगळ्या नेहमीच्या मटेरियलना बी शून्य असतो, म्हणजे परमिटिव्हिटी स्थिर राहते. उरतात तीन आकडे:

काँक्रीट: ए ५.२४, सी ०.०४६२, डी ०.७८२२ (१ ते १०० गिगाहर्ट्झ)
वीट: ए ३.९१, सी ०.०२३८, डी ०.१६ (१ ते ४०)
जिप्सम बोर्ड: ए २.७३, सी ०.००८५, डी ०.९३९५ (१ ते १००)
लाकूड: ए १.९९, सी ०.००४७, डी १.०७१८ (०.००१ ते १००)
काच: ए ६.३१, सी ०.००३६, डी १.३३९४ (०.१ ते १००)

कंसातली मर्यादा वाचायची सवय लावा. भारतात २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टाही होता. त्यासाठी काँक्रीटची ही ओळ वापरलीत तर तुम्ही मर्यादेच्या बाहेर आहात, आणि काही सॉफ्टवेअर त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

आता एक हिशेब हाताने करू, ५.५ गिगाहर्ट्झला आणि १५ सेंटीमीटर काँक्रीटसाठी. ५.५ चा ०.७८२२ वा घात ३.७९, गुणिले ०.०४६२ म्हणजे वाहकता ०.१७५. मटेरियलच्या आत दर मीटरला होणारी घट काढायला सोपं सूत्र आहे: १६३६ गुणिले वाहकता, भागिले परमिटिव्हिटीचं वर्गमूळ. वर्गमूळ २.२९, म्हणून घट सुमारे १२५ डेसिबल प्रति मीटर, आणि १५ सेंटीमीटरला १८.८. शिवाय भिंतीत शिरताना आणि बाहेर पडताना थोडी ताकद परावर्तनात जाते. समोरून आलेल्या लहरीसाठी दोन्ही पृष्ठभाग मिळून १.४ च्या आसपास. एकूण २० डेसिबल.

हाच हिशेब २.४ गिगाहर्ट्झला केला तर ११ येतात. ३.५ ला सुमारे १५. आणि २६ गिगाहर्ट्झला आतली घटच ६३ डेसिबल, म्हणजे काँक्रीटमधून जाणं विसरा, जे काही येईल ते खिडकीतून.

हा हिशेब कागदावर एकदा तरी करा. पुढे सॉफ्टवेअरचं उत्तर याच्याशी ताडून बघायचं आहे.

आवृत्तीचा सापळा

वरचे गुणांक शिफारशीच्या २०२१ च्या आवृत्तीतले. २०१५ च्या आवृत्तीत काँक्रीटचे आकडे ५.३१, ०.०३२६ आणि ०.८०९५ असे होते. त्यांनी तोच हिशेब केला तर १५ सेंटीमीटरची आतली घट १८.८ ऐवजी १३.८ येते. भिंत तीच, वारंवारता तीच, फरक ५ डेसिबलचा. दोन सॉफ्टवेअरची उत्तरं जुळेनात म्हणून डोकं धरून बसण्याआधी दोघांनी कुठली आवृत्ती धरली आहे ते बघा. मी आता यादीतलं नाव वापरतच नाही. स्वतःचं मटेरियल बनवतो आणि आकडे हाताने घालतो.

प्लास्टरला कमी लेखू नका

घरातली साडेचार इंची वीटभिंत घ्या. वीट साधारण ११.५ सेंटीमीटर. ५.५ गिगाहर्ट्झला विटेची घट मीटरमागे २६ डेसिबल, म्हणजे भिंतीला ३. आता दोन्ही बाजूंचं १२-१२ मिलिमीटर सिमेंट प्लास्टर धरा. त्याला काँक्रीटचे आकडे लावले (यादीत सिमेंट प्लास्टरची वेगळी ओळ नाही, म्हणून ही तडजोड) तर २४ मिलिमीटरला पुन्हा ३ डेसिबल. म्हणजे जेवढं वीट अडवते तेवढंच तिच्यावरचं प्लास्टर अडवतं! नुसतं ‘ब्रिक’ निवडणाऱ्याची निम्मी भिंत गायब असते.

सॉफ्टवेअरला थरांची भिंत समजत असेल (विनप्रॉप, वायरलेस इनसाइटसारख्यांत ती सोय आहे) तर तीन थर द्या. नसेल तर एकसंध भिंत धरा, जाडी खरी द्या आणि वाहकता एवढी वाढवा की एकूण घट थरांच्या बेरजेइतकी होईल. वरच्या भिंतीला १३.९ सेंटीमीटरमध्ये ६ डेसिबल हवेत, म्हणजे मीटरमागे ४३. सूत्र उलटं फिरवलं की वाहकता ०.०५२ मिळते. परमिटिव्हिटी विटेचीच ठेवा.

काच: जाड म्हणजे जास्त अडवणारी, असं नाही

काचेच्या आत घट जवळजवळ नसतेच. ५.५ गिगाहर्ट्झला ६ मिलिमीटरमध्ये ०.१४ डेसिबल. जे काही अडतं ते परावर्तनाने, आणि तिथे जाडीचा खेळ सुरू होतो. या वारंवारतेला काचेच्या आत तरंगलांबी २१.७ मिलिमीटर होते. काच तिच्या पाव भागाइतकी, म्हणजे साडेपाच मिलिमीटरच्या आसपास असली, की पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना बळ देतात आणि ३.३ डेसिबल अडतात. काच त्याच्या दुप्पट, ११ मिलिमीटरची केली तर त्याच लहरी एकमेकींना खोडतात आणि काच जवळजवळ नाहीशी होते. म्हणून खिडकीची जाडी ‘साधारण ५-६’ अशी न भरता कॅलिपरने मोजा. बेत गिगाहर्ट्झ बदलून बघण्याचा असेल तर विशेषच.

ऑफिसच्या इमारतींना लावतात त्या उष्णता अडवणाऱ्या काचेचा प्रकार निराळा. तिच्यावर धातूचा अतिपातळ थर असतो. तिला ‘काच’ म्हणून भरणं ही मोठी चूक. ३जीपीपी या मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवणाऱ्या संघटनेच्या मॉडेलमध्ये साध्या काचेसाठी २ अधिक वारंवारतेच्या ०.२ पट, तर अशा काचेसाठी २३ अधिक ०.३ पट डेसिबल धरतात. ३.५ गिगाहर्ट्झला एक पावणेतीन आणि दुसरी २४. हिंजवडीतल्या काचेच्या इमारतीत लिफ्टशेजारी फोन धरून फिरणारे लोक उगाच दिसत नाहीत.

यादीत नसलेलं: सिपोरेक्स, जांभा, ओल

एएसी ब्लॉक आयटीयूच्या यादीत नाही. अंदाजासाठी मी घनतेचा आधार घेतो. काँक्रीट घनमीटरमागे २४०० किलो, ब्लॉक सुमारे ६०० किलो, म्हणजे चौथा हिस्सा घन पदार्थ, बाकी हवा. मिश्रणांसाठी एक घनमूळाचा नियम आहे: परमिटिव्हिटीच्या घनमूळांची भागाप्रमाणे सरासरी काढायची. ५.२४ चं घनमूळ १.७४, हवेचं १. सरासरी १.१८, तिचा घन १.६६. हा कोरड्या ब्लॉकचा आकडा. प्रत्यक्षात थोडी ओल असतेच, म्हणून २ पासून सुरुवात करा आणि बाकीचं मोजणीवर सोडा. वरचं प्लास्टर इथे ब्लॉकपेक्षा जास्त महत्त्वाचं ठरतं.

कोकणातल्या घरांचा जांभा तर आणखी अवघड. चिरा सच्छिद्र, त्यात लोह भरपूर, आणि आषाढात तो पाणी पिऊन बसतो. पाण्याची सापेक्ष परमिटिव्हिटी या पट्ट्यांत ७०-८० च्या घरात. भिंतीत थोडं पाणी मुरलं की कोरड्या दगडाचे आकडे कामाचे राहत नाहीत. विटेच्या आकड्यांपासून सुरू करा, पण मोजणी एकदा मेमध्ये आणि एकदा ऑगस्टमध्ये करा. दोन मटेरियल बनवा, ‘जांभा कोरडा’ आणि ‘जांभा ओला’.

आरसीसीतल्या सळ्यांबद्दल नेहमी विचारणा होते. जाळीची भोकं १५-२० सेंटीमीटरची असतील तर ५ गिगाहर्ट्झच्या साडेपाच सेंटीमीटरच्या लहरीला ती मोकळी वाट आहे, भिंत काँक्रीट म्हणूनच भरा. ७०० मेगाहर्ट्झची लहर हवेत ४३ सेंटीमीटरची, तिथे जाळी दखल घेण्याइतकी अडवते. मच्छरजाळी मात्र स्टीलची असेल तर सरळ धातू धरा.

पायरी तिसरी: भूमिती, आणि माझी चूक

मी फ्लॅटचं मॉडेल ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये केलं होतं. भिंती छान जाडीच्या, खऱ्यासारख्या, म्हणजे प्रत्येक भिंत एक खोका, आणि खोक्याला दोन मोठे चेहरे, म्हणजे पृष्ठभाग. मटेरियलमध्ये जाडी भरली १५ सेंटीमीटर. सिओनासारख्या साधनात मटेरियलची जाडी ही एका पातळ पृष्ठभागाला चिकटवलेली गोष्ट आहे. किरण पहिल्या चेहऱ्यातून गेला, १५ सेंटीमीटर काँक्रीट वजा. दुसऱ्या चेहऱ्यातून गेला, पुन्हा १५ वजा. २० ऐवजी ४० डेसिबल. टेबलापाशी वायफाय ‘पोचत नव्हतं’ ते असं.

उपाय दोन. एकतर भिंत म्हणजे मधोमध एकच पृष्ठभाग ठेवा आणि जाडी मटेरियलला द्या. नाहीतर खोका ठेवून प्रत्येक चेहऱ्याला निम्मी जाडी द्या. घट बरोबर येईल, पण परावर्तनं थोडी जास्तीची येतील. मी पहिला वापरतो. आर्किटेक्टकडून आलेल्या बीआयएम (इमारतीचं थ्रीडी मॉडेल) फाइलमधून भिंती घेत असाल तर त्या खोकेच असणार, हे गृहीत धरा.

हे पकडण्यासाठी ‘एका भिंतीची परीक्षा’ घ्या. कोऱ्या दृश्यात एकच मोठी भिंत उभी करा. एका बाजूला २ मीटरवर प्रेषक, दुसऱ्या बाजूला २ मीटरवर ग्राहक, दोन्ही अँटेना सर्व दिशांना सारख्या. परावर्तन, विवर्तन बंद, फक्त आरपार चालू. ५.५ गिगाहर्ट्झला ४ मीटर मोकळ्या हवेत ५९.३ डेसिबल जातात, त्यात भिंतीचे २०. उत्तर ७९ ते ८० यायला हवं. ९९ आलं तर भिंत दोनदा मोजली जाते आहे. ५९ आलं तर भिंत मोजलीच जात नाही. आणि काहीच पोचलं नाही तर तुमच्या साधनात आरपार जाणं चालूच नाही. जुन्या सिओनात ती सोयच नव्हती, भिंती फक्त आरशासारख्या वागत. प्रत्येक नव्या मटेरियलला ही परीक्षा द्यायला लावा. पाच मिनिटांचं काम आहे.

मग ग्राहक बाजूला सरकवून तिरका किरण बघा. पुष्कळांना वाटतं की ६० अंशांनी आलेला किरण भिंतीत दुप्पट अंतर कापेल. तसं होत नाही. आत शिरताना तो वळतो, आणि १५ सेंटीमीटरचे जेमतेम १६.२ होतात. वाढतं ते परावर्तन. उभ्या अँटेनाची लहर उभ्या भिंतीवर अशी तिरकी आली तर दोन पृष्ठभागांवर १.४ ऐवजी ४.२ डेसिबल जातात. जाडीला कोनाच्या कोसाइनने भागणारं साधन दिसलं तर त्याचं तिरकं उत्तर मानू नका.

खडबडीतपणा

घरात, ६ गिगाहर्ट्झच्या खाली, पुट्टी मारलेल्या भिंतींसाठी विखुरण (लहर आदळून सगळीकडे पांगणं) शून्य ठेवा आणि पुढे चला. नियम असा: उंचसखलपणा तरंगलांबीच्या आठव्या हिश्शापेक्षा कमी तर पृष्ठभाग गुळगुळीत. ५.५ गिगाहर्ट्झला तो पावणेसात मिलिमीटर, २६ ला दीड मिलिमीटरहून कमी. म्हणजे बाहेरचं सँडफेस प्लास्टर वायफायला आरसा असतं, पण २६ गिगाहर्ट्झला खडबडीत. तिथे विखुरण गुणांक ०.२-०.३ पासून सुरू करा. ०.३ म्हणजे परावर्तित शक्तीचा ९ टक्के भाग विखुरला जातो, ३० नव्हे.

पायरी चौथी: मोजून जुळवा

फोनवरचं वायफाय अॅप पुरतं. फोन दाखवतो तो आकडा मुळात अचूक नसतो, पण त्याच फोनच्या दोन आकड्यांमधला फरक कामाचा असतो. राउटरवर चॅनेल पक्का करा, रुंदी २० मेगाहर्ट्झ, शक्ती आपोआप बदलणारी असेल तर ती स्थिर करा.

आधी राउटर दिसतो अशा चार-पाच जागी मोजा. सिम्युलेशन आणि मोजणी यांत सगळीकडे सारखा फरक येईल. तो फोनचा आणि अँटेनाचा, तो एकदाच वजा करून टाका. तो भिंतीच्या माथी मारू नका. मग एकच भिंत आड येईल अशी जागा. एका जागी फोन धरून घेतलेला आकडा फसवा असतो, हात चार सेंटीमीटर हलला तरी ५-१० डेसिबल पडतात. म्हणून अर्ध्या मीटरच्या परिसरात फोन फिरवत तीस-चाळीस आकडे घ्या आणि सरासरी काढा. जवळ उघडं दार असेल तर ते बंद करा, नाहीतर तुम्ही भिंत नव्हे, दार मोजाल. आणि सिम्युलेशन जिथे ४०-५० डेसिबलची भिंत सांगतं तिथे जुळवायच्या फंदात पडू नका. तिथे पोचणारा सिग्नल दुसऱ्याच कुठल्या तरी वाटेने आलेला असतो.

जुळवताना जाडी आणि परमिटिव्हिटी हलवू नका, फक्त वाहकता हलवा. जाडी तुम्ही टेपने मोजली आहे, आणि परमिटिव्हिटी बदलली तर परावर्तनंही बदलतात आणि दुसऱ्या खोलीचं जुळलेलं बिघडतं. वाहकता पुस्तकी आकड्याच्या निम्मी किंवा दुप्पट होत असेल तर ठीक. पाचपट लागत असेल तर मटेरियल ओळखण्यातच घोटाळा आहे, परत जाऊन भिंत ठोका.

आमच्या फ्लॅटमध्ये एकेरी पृष्ठभाग केल्यावर हॉल आणि बेडरूममधली भिंत २० वर आली. मोजणीत १९ ते २३. तिला मी हातही लावला नाही. बेडरूमच्या एका कोपऱ्यात मात्र सिम्युलेशन ८-९ डेसिबल जास्त सिग्नल दाखवत राहिलं. विटा, प्लास्टर, वाहकता, सगळं दोनदा तपासून झालं. तिसऱ्या दिवशी केस विंचरताना लक्षात आलं की त्या वाटेत वॉर्डरोब आहे आणि त्याच्या सरकत्या दारांना छतापर्यंत आरसे आहेत. मी त्याला लाकूड भरलं होतं. आरशामागे चांदीचा थर असतो. मटेरियल बदलून धातू केलं.